कप्तान जिथे उतरले नव्हते

लग्नाला यंदा पंधरा वर्षं होणार होती आणि त्यानिमित्त ऑगस्टमध्ये कॅरिबियनला जायचं, एवढं दोघांचं पक्कं झालं होतं. मुलगी तेवढे दिवस आत्याकडे राहणार, तेही ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते बेटावर. तिकडे बेटं काय दोन-चार नाहीत. कुणी नकाशावर मूठभर दाणे भिरकावावेत तशी पसरलेली. त्यातलं नेमकं कुठलं, यावर घरात कित्येक आठवडे खल चालला होता. खल म्हणजे ती बोलायची आणि तो ऐकायचा.

तो लिफ्टचा मेकॅनिक. कामात चोख, बोलण्यात कंजूष. दिवसभर कुठल्या इमारतीत गेला, कुठे काय बिघडलं होतं, यातलं घरी आल्यावर एक अक्षर काढायचा नाही. ती फिजिओथेरपिस्ट. बाजारपेठेच्या मागच्या रस्त्यावर तळमजल्याला तिचं छोटं क्लिनिक होतं. दोन खाटा, मध्ये पडदा, भिंतीला कप्पी आणि रबरी पट्टे. पेशंट उताणा झोपला की त्याच्या डोळ्यांपुढे नुसतं पांढरं छत नको, म्हणून तिनं छताला समुद्राचा एक मोठा फोटो चिकटवला होता. निळं पाणी, वाळू, एका बाजूला कललेलं झाड आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कॅरिबियन’, बस्स.

पेशंट कळवळत विचारायचे, “हे कुठलं हो?”

“आधी पाय वर घ्या, मग सांगते,” ती म्हणायची.

सांगायला तिला तरी कुठे माहीत होतं? पण दिवसभर दुसऱ्यांना तो समुद्र दाखवता दाखवता तिलाच तिकडे जावंसं वाटायला लागलं. दोघांनी बरीच वर्षं थोडं थोडं बाजूला टाकलं होतं, ते यासाठी मोडायचं ठरलं. मग तिनं नवऱ्याला विचारलं, “कुठलं बेट घ्यायचं?”

“तुला आवडेल ते घे. मला काय, कुठलंही चालेल.”

हे बोलताना आपण किती मोठ्या मनाचे आहोत, असं त्याला वाटलं होतं.

मग तिच्या क्लिनिकमध्ये कप्तान आले.

कप्तान सत्तरीचे. सारा जन्म मालवाहू जहाजांवर गेलेला, आता निवृत्त. एकटेच राहायचे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो गुडघा वाकायचं नाव घेत नव्हता. पहिल्याच दिवशी खाटेवर आडवे झाले, वर पाहिलं आणि म्हणाले, “डॉक्टरीणबाई, तिकडे वारा येतो पूर्वेकडून. म्हणजे झाड हे असं कललंय आणि पाणी शांत आहे, तर हा किनारा पश्चिमेचा. पण बेट कुठलं म्हणाल, तर या फोटोवरून ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.”

त्या संध्याकाळी घरात पहिल्यांदा ‘कप्तान म्हणाले’ हे शब्द आले, आणि मग ते मुक्कामालाच आले.

“कप्तान म्हणतात, सेंट लुशियाला समुद्रातून दोन डोंगर सरळ उभे वर आलेत. जहाजावरून पाहिले की माणूस बोलायचा थांबतो.”

“कप्तान म्हणतात, बार्बाडोसला पूर्वेच्या बाजूनं पाण्यात शिरायचं नाही. लाटा ओढून नेतात. पश्चिमेला जायचं.”

“कप्तान म्हणतात, ग्रेनेडात जायफळाची झाडं आहेत. धक्क्यावर पोती रचलेली असायची, वासानं डोकं हलकं व्हायचं म्हणे.”

पहिले काही दिवस तो नुसता ‘हं’ म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, की हे सांगताना ती हसते. ताटातलं तसंच राहतं, हात हवेत डोंगर काढतात, आणि डोळे त्याच्याकडे नसतातच. कप्तान मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी बायको जरा जास्तच नीटनेटकी होऊन निघते, असं त्याला वाटायला लागलं. सोमवारी तिच्याकडे त्यानं कधी धड पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ताडून पाहायला काही नव्हतं.

त्यानं थोरल्या बहिणीला फोन केला. अक्काला तो फारसं काही सांगायचा नाही. पण तिला न सांगताही कळायचं.

“वय काय त्याचं?” अक्कानं विचारलं.

“सत्तर.”

“सत्तर असो नाहीतर नव्वद. पुरुष तो पुरुषच. आणि हा तर जगभर फिरलेला, गोष्टी सांगणारा. तू काय सांगतोस तिला? वायर तुटली, वायर जोडली!”

“तेही सांगत नाही,” तो म्हणाला.

“मग बस आता जळत.”

आणि तो खरंच जळत बसला. त्यानं फोनवर बेटांची माहिती शोधायला सुरुवात केली, ती बेट निवडायला नव्हे, कप्तानाला खोडून काढायला. एका संध्याकाळी तो जेवता जेवता म्हणाला, “ऑगस्ट म्हणजे तिकडे वादळांचा हंगाम. सेंट लुशिया वादळांच्या वाटेवर आहे.”

बायकोनं घास तसाच हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला. “तू वाचलंस? खरंच?” आणि लगेच, “थांब, शुक्रवारी कप्तानांना विचारते.”

शुक्रवारी ती सांगत आली, “कप्तान म्हणाले, तुमच्या नवऱ्याचं अगदी बरोबर आहे.”

शिव्या घातल्या असत्या तरी त्याला एवढं लागलं नसतं. आपल्या बायकोपाशी आपण बरोबर आहोत, याचा दाखला आता त्या म्हाताऱ्याकडून घ्यायचा!

पुढच्या आठवड्यात सुपरवायझरनं त्याला एका आठ मजली इमारतीत पाठवलं. चौथ्या मजल्यावर लिफ्टचा दरवाजा मध्येच अडकत होता. इमारत त्याच्या नेहमीच्या फेरीतली, पण तिथे कोण राहतं याच्याशी त्याला कधी देणंघेणं नव्हतं. त्या दिवशी चौथ्या मजल्यावर तो गुडघे टेकून दरवाज्याखालची पट्टी तपासत होता आणि लिफ्ट वरून येऊन थांबली. आत एक उंच, ताठ म्हातारा. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, दाढी नुकती केलेली.

“मिस्त्री, मला खाली जाऊ द्याल का? अपॉइंटमेंट आहे माझी. गुडघ्याची.” मग जरा हसून, “तिथे उशीर झालेला चालत नाही. आणि मलाही नको असतो.”

शुक्रवार होता. मेकॅनिकनं त्या गुडघ्याकडे पाहिलं, मग शर्टाकडे, मग चेहऱ्याकडे. त्याच्या मनातला म्हातारा वाकलेला आणि खोकणारा होता. हा तर देखणा निघाला. आवाजसुद्धा असा, की ऐकत बसावं.

“कितव्या मजल्यावर राहता?” त्यानं विचारलं.

“सातव्या.”

त्यानं त्यांना खाली सोडलं. दरवाज्याचा एक छोटा रोलर झिजला होता. नवा रोलर त्याच्या पिशवीत पकडीशेजारीच होता आणि काम अर्ध्या तासाचं होतं. तो ते काम न करता नुसता बसून राहिला. कप्तान क्लिनिकमधून परत आले तेव्हा त्यानं अदबीनं त्यांना सातव्या मजल्यावर पोचवलं. तेवढी माणुसकी त्यानं दाखवली. कप्तान काहीतरी गुणगुणत होते. ते घरात शिरले, दार लागलं. मग मेकॅनिक गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेला, लिफ्टचा मुख्य स्विच पाडला आणि खाली येऊन पाटी लावली: ‘लिफ्ट बंद आहे. पार्ट मागवला आहे.’

सुपरवायझरला त्यानं सांगितलं, की मॉडेल जुनं आहे, रोलर मिळत नाही. तिसऱ्या मजल्यावरची बाई एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात बाबागाडी घेऊन जिन्यात त्याला आडवी आली. “अहो, कधी होणार हे?” त्यानं तिच्याकडे न बघता “बघू” म्हटलं आणि तिच्या बाजूनं चोरासारखा खाली सटकला. मनात त्यानं हिशेब मांडला होता: लिफ्ट नाही, तर कप्तान नाही. कप्तान नाही, तर ‘कप्तान म्हणाले’ नाही.

मंगळवारी बायको उशिरा आली. चेहरा लालबुंद. खुर्चीत बसली आणि पोटऱ्या चोळायला लागली.

“काय झालं?”

“कप्तानांच्या इमारतीची लिफ्ट बंद पडलीय. त्यांना खाली उतरवेना. आता कुठे गुडघा वाकायला लागलाय, मध्येच खंड पडला तर सगळं मुसळ केरात. म्हणून मीच गेले.”

“कुठे?”

“त्यांच्या घरी. सात मजले चढून!”

“घरी?” त्याचा आवाज चिरकला.

“मग काय जिन्यात करू उपचार? आणि घर काय ठेवलंय रे! एकट्या माणसाचं वाटत नाही. खिडकीत दुर्बीण, शिंपल्यांनी भरलेली काचेची बरणी. व्यायाम झाल्यावर स्वतः चहा केला त्यांनी. मोठा नकाशा पसरून सगळी बेटं दाखवली, बोट ठेवून ठेवून.” ती थांबली. “आणि ती लिफ्ट कुणाची आहे माहितीये? तुमच्याच कंपनीची. कोण रे तो आळशी माणूस? चार दिवस झाले, नुसती पाटी लावून गेलाय.”

“पार्ट मिळत नसेल,” तो भिंतीकडे बघत म्हणाला.

करायला गेलो काय आणि झालं काय! आधी बायको क्लिनिकमध्ये, चार माणसांत, पडद्याआड त्या म्हाताऱ्याला भेटायची. आता त्याच्या घरी, त्याच्या हातचा चहा पीत, एकाच नकाशावर वाकून. आणि ही सोय करून दिली कुणी? स्वतः नवऱ्यानं.

शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन रोलर बसवला असता. पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते शहाणपणाला जागा देत नाही. आता त्याला स्वतः खात्री करून घ्यायची होती. शुक्रवारी चार वाजता ती पुन्हा जाणार होती. तिच्या आधी पोचून मशीन रूममध्ये बसायचं, सातव्या मजल्यावरचं बोलणं लिफ्टच्या खड्ड्यातून तिथे थोडंफार ऐकू येतं, असं त्यानं ठरवलं. ठरवताना स्वतःचीच लाज वाटली, पण पाय थांबले नाहीत.

शुक्रवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन जिना चढत होता. चौथ्या मजल्याच्या वळणावर कप्तान पायरीवर बसले होते.

काठी दोन पायऱ्या खाली पडली होती. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. डावा पाय त्यांनी पुढे लांब करून ठेवला होता आणि पँटच्या आतून गुडघा फुगलेला दिसत होता.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “बरे आलात. आता मला वरही जाता येत नाही आणि खालीही.”

“तुम्ही उतरलात कशाला?”

“त्या डॉक्टरीणबाई मंगळवारी सात मजले चढून आल्या. धापा टाकत होत्या. आज पुन्हा त्यांना चढवायचं? म्हटलं, आपणच उतरू. तीन मजले जमलंसुद्धा.” ते हसायला गेले, पण ओठ दाबून थांबले. दुखत होतं.

मेकॅनिकनं काठी उचलून दिली. पिशवी खाली ठेवली. निघून जावं की बसावं, हे कळेना; शेवटी एक पायरी सोडून तो बसला. मग, विचारू नये ते विचारून गेला.

“तुम्हाला त्या फार आवडतात का?”

कप्तानांनी त्याच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. “आवडतात. या वयात खोटं बोलून काय पदरात पडणार? तसलं काही नाही, घाबरू नका. पण मंगळवार-शुक्रवारची वाट बघतो मी. माझं बोलणं कुणी इतकं कान देऊन ऐकल्याला जमाना झाला. बोटीवर होतो तेव्हा लोक ऐकायचे, कारण त्यांना ऐकावंच लागायचं.” त्यांनी काठीची मूठ चोळली. “आणि खरं सांगू? त्यांच्या नवऱ्याचा हेवा वाटतो. ते दोघं बेटावर जाणार आहेत. म्हणून मी त्यांना माझीच बेटं सांगतो. मी उतरलोय तीच. म्हणजे त्या परत येऊन सांगतील, तेव्हा मी म्हणेन, हो, तो धक्का मला माहीत आहे, तिथल्या चढावरचं चर्च मला माहीत आहे. थोडं माझंही जाणं होईल.”

“आणि नवरा कसा आहे त्यांचा?”

“पाहिला नाही. पण बाई म्हणतात, त्याला कुठलंही बेट चालतं.” कप्तानांनी गुडघ्यावर हात दाबून धरला. “माझ्या जहाजावर असा एक माणूस होता. त्यालाही कुठलंही बंदर चालायचं. कारण तो जहाजावरून कधी उतरायचाच नाही.”

मेकॅनिक उठला. चौथ्या मजल्याचा दरवाजा समोरच होता. त्यानं पट्टी उघडली, जुना रोलर काढला, पिशवीत हात घालून नवा काढला आणि बसवायला लागला. कप्तान पाहत होते.

“पार्ट आला वाटतं?”

त्यानं स्क्रू आवळला. “पार्ट होताच.”

“होताच म्हणजे?”

“पहिल्या दिवसापासून पिशवीत होता.”

“मग हे आठ दिवस...” कप्तान बोलता बोलता थांबले. त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावर स्थिरावली. “तुम्ही त्यांचे कोण?”

“नवरा.”

कप्तान चिडतील, ओरडतील, याची तो वाट बघत होता. कप्तान ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, “मी अर्धा तास इथे बसून माझ्या देहाला शिव्या देतोय. म्हटलं, संपलो आपण. तीन मजल्यांपुढे उतरता येत नाही. कुणाला हाक मारायची लाज वाटत होती मला. समजलं का तुम्ही काय केलंत ते?”

त्याला समजलं. त्यानं पाना खाली ठेवला.

खालून पावलं वाजली. बायको वर आली, खांद्याला बॅग, कपाळावर घाम. तिनं आधी फक्त गुडघा पाहिला. पायरीवर बसली, पँट वर सरकवली, दोन्ही हातांनी गुडघा चाचपला आणि ओठ घट्ट मिटले. मग तिनं मान वर केली आणि नवऱ्याला पाहिलं.

“तू इथे?”

कप्तानांना एका वाक्यात सगळं सांगून टाकता आलं असतं. पण ते जिन्याच्या खिडकीबाहेर बघत राहिले.

“लिफ्ट मी बंद ठेवली होती,” तो म्हणाला. “मुद्दाम. तो आळशी माणूस मी.”

“का?”

त्याची नजर कप्तानांकडे गेली. तिनं त्याच्याकडून कप्तानांकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे, आणि तिला ते कळत गेलं तसा तिचा चेहरा बदलत गेला. ती एवढंच म्हणाली, “चालू कर ती. यांना वर न्यायचंय.”

घरी आल्यावर मात्र तिची वाचा फुटली.

“माझ्या पेशंटचा पाय म्हणजे काय खेळणं वाटलं तुला? एवढी मेहनत मातीत घातलीस! माझी नव्हे, त्यांची. रडू येईपर्यंत ते तो गुडघा वाकवायचे. आणि जिन्यात मला भेटलेली ती बाबागाडीवाली बाई? ती कुणावर प्रेम करत होती म्हणून तिला शिक्षा?”

“मी असं म्हणालो नाही, की...”

“तू काहीच म्हणत नाहीस! तीच तर गोची आहे. विचारलं असतंस ना, त्या माणसाकडे जातेस का, आवडतो का तो तुला, तर भांडले असते मी. पण बरं वाटलं असतं. तू काय केलंस, तर स्विच पाडलास!”

“तू त्यांच्याशी हसतेस,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते लहान मुलासारखं निघालं.

“कारण ते मला विचारतात, तुला डोंगर आवडतो की वाळू? तुला तरी माहीत आहे का?”

त्याला माहीत नव्हतं. ती उठली, “मी कुठेही येणार नाहीये,” म्हणाली आणि मुलीच्या खोलीत जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुपरवायझरला खरं ते सांगितलं. सुपरवायझरनं त्याला मनसोक्त झापलं आणि चांगल्या इमारती काढून घेऊन कुणालाच नको असलेल्या गोदामांच्या फेरीवर टाकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईकडे तो माफी मागायला गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. मग तो सातव्या मजल्यावर गेला.

“तुम्हाला मी क्लिनिकमध्ये गाडीनं नेतो, आणतो,” तो म्हणाला. “गुडघा पहिल्यासारखा होईपर्यंत.”

“मला टॅक्सी मिळते,” कप्तान म्हणाले.

तो मंगळवारी तरीही खाली गाडी घेऊन उभा राहिला. कप्तान टॅक्सीनं गेले. शुक्रवारीही तेच. पुढच्या मंगळवारी टॅक्सी लवकर येईना, तेव्हा कप्तान काहीतरी पुटपुटत त्याच्या गाडीत बसले. त्यानंतरच्या वेळी कप्तानांनी गाडीच्या आवाजावरून विचारलं, की गिअरबॉक्स शेवटचा कधी उघडला होता, आणि दोघांना बोलायला एक विषय मिळाला.

जूनच्या सुरुवातीला एकदा सिग्नलला गाडी थांबली असताना मेकॅनिकनं विचारलं, “तिकडे असं कुठलं बेट आहे, जिथे तुम्ही उतरला नाहीत?”

कप्तान त्याच्याकडे बघत राहिले, मग मोठ्यानं हसले. “अजून जळताय?”

“हो,” तो म्हणाला.

“बोनेअर. दोनदा जवळून गेलो. किनाऱ्यावर पांढरे ढीग दिसले. एक नवखा खलाशी मला म्हणाला, बर्फ पडलाय! मिठाचे ढीग होते ते. पण उतरलो नाही. काम नव्हतं तिथे.”

घरी आबोला आता अर्धामुर्धा उतरला होता. भाजी आण, दिवा घालव, इतपत बोलणं चालायचं. त्या संध्याकाळी तो तिच्यासमोर बसला.

“मला बोनेअरला जायचंय.”

तिनं वर पाहिलं. पंधरा वर्षांत त्याच्या तोंडून ‘मला’नं सुरू होणारं वाक्य तिनं क्वचितच ऐकलं होतं.

“का?”

“वादळं सहसा तिकडे जात नाहीत, ते बेट खाली दक्षिणेला आहे. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरलं की लगेच मासे दिसतात, बोट लागत नाही. तुला नीट पोहता येत नाही, मला तर मुळीच नाही. आणि मिठागरं आहेत गुलाबी. तिथे रोहित पक्षी असतात.”

“आणि?”

“आणि कप्तान तिथे कधी उतरले नाहीत.”

तिला हसायचं नव्हतं. तिनं गाल आतून चावला, तरी हसू निसटलंच. “लाज नाही वाटत?”

“वाटते. पण तिथेच जायचंय.”

“मला डोंगर बघायचे होते. सेंट लुशियाचे. मला डोंगर आवडतात, वाळू नाही. ऐकलंस?”

“ऐकलं. पण ऑगस्टमध्ये वादळ आलं तर डोंगर काय खोलीच्या खिडकीतून बघणार?”

“मग डिसेंबरमध्ये जाऊ!”

“लग्न ऑगस्टमध्ये झालंय आपलं!”

ते भांडण चांगलं आठवडाभर चाललं. आवाज चढले, नकाशे उघडले, एकदा तर शेजाऱ्यांनी भिंतीवर थाप मारली. दोघांपैकी कुणीही ‘तुला हवं ते कर’ म्हणालं नाही. शेवटी ती कबूल झाली, पण दोन अटींवर. डोंगराचं बेट पुढच्या खेपेला, आणि कप्तानांचा गुडघा पूर्वी होता तेवढा वाकल्याशिवाय तिकिटं काढायची नाहीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कप्तान खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी टाच खाटेखाली पार मागे नेऊन दाखवली. त्याच संध्याकाळी तिकिटं निघाली.

बोनेअर त्यांनी कल्पना केली होती त्याहून रखरखीत निघालं. निवडुंगाची कुंपणं, रस्त्यात ठाण मांडून उभी गाढवं आणि अष्टौप्रहर वारा. “हे तुझं बेट,” ती वाऱ्यात केस धरून म्हणाली. पण संध्याकाळी मिठागरांवर गुलाबी पाण्यात गुलाबी पक्षी उभे पाहिले, तेव्हा तिनं स्वतःहून कबूल केलं, की ठीक आहे, हे बरं आहे.

लग्नाच्या वाढदिवशी सकाळी ते किनाऱ्यावर गेले. पाण्यात उतरवणारा गाइड तरणाबांड, उन्हानं रापलेला, हसतमुख. त्यानं तिला चष्मा आणि श्वासाची नळी लावून दिली, हात धरून कमरेइतक्या पाण्यात नेलं, पाण्यात तोंड कसं घालायचं ते दाखवलं. तिनं तोंड घातलं, बाहेर काढलं आणि किंचाळली, “अरे, ये ना! निळे मासे आहेत, दगड कुरतडतायत!”

“तू बघ,” मेकॅनिक वाळूवरून म्हणाला. लिफ्टच्या अंधाऱ्या खोल खड्ड्यात तो दोरावर लोंबकळायचा, पण पाण्याची त्याला भीती होती.

ती पुन्हा वाकली. गाइडनं बोटानं काहीतरी दाखवलं, दोघं वर आले आणि खदखदून हसले. गाइडचा हात तिच्या कोपराला होता.

मेकॅनिक चपलांसकट पाण्यात शिरला. एक चप्पल तिसऱ्या पावलाला गेलीच. घोट्याला दगड लागला, नाकात पाणी गेलं, खोकत ठेचकाळत तो दोघांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. गाइड गोंधळून बाजूला झाला. बायकोनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

“कठीण आहे तुझं,” ती म्हणाली. पण तिनंच त्याच्या डोळ्यांवर चष्मा बसवला, नळी तोंडात दिली आणि त्याचा हात घट्ट धरला. तो वाकला.

संध्याकाळी खोलीच्या ओट्यावर दोघं बसले होते. वारा पडदे उडवत होता. तिनं फोन हातात घेतला. “कप्तानांना लावते. तिकडे पहाट असेल, पण वाट बघत असतील, मिठाचे ढीग जवळून कसे दिसतात ते विचारायचं होतं त्यांना.”

“थांब,” तो म्हणाला. “आधी मी तुला सांगतो. मग त्यांना सांग.”

“मला काय सांगणार? मी होते की तिथे, तुझ्या शेजारी!”

“तरी ऐक.”

तिनं फोन मांडीवर ठेवला. आणि तो सांगायला लागला. आत किती शांत होतं, आपलाच श्वास कसा इंजिनासारखा वाजत होता, एका निळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या माशानं त्याच्याकडे पाहून कसं तोंड वाकडं केलं, आणि तिचा हात सुटतो की काय या भीतीनं तो शेवटी शेवटी मासे बघतच नव्हता. हात हवेत मासे काढत होते. बाहेर अंधारून आलं तरी त्याचं संपलं नव्हतं. मध्येच ती म्हणाली, “निळा नव्हता तो, हिरवा होता.” तो म्हणाला, “निळाच होता,” आणि ते त्यावर भांडायला लागले.